हाकेच्या टप्प्यातलं

मी भाषा शिकवतो, आणि इतकी वर्षं पोट भरलं ते सोमालीतल्या 'हा' आणि 'तो'वर. ही आफ्रिकेतली, कुशिटिक कुळातली भाषा. 'निन' म्हणजे माणूस. जवळचा तो 'निनकन', जरा लांबचा 'निनकास', त्याच्याही पलीकडचा 'निनकेर' आणि पार दूरचा 'निनको'. पुण्यात शिकायला आलेल्या एका सोमाली मुलाला मी यासाठी वर्षभर पिडलं. टेकडीवर नेऊन विचारायचो, तो झाडाखाली बसलाय तो कुठला? आणि तो रस्त्यावरचा? एकदा त्यानंच विचारलं, तुमच्यात कसं? म्हटलं, आमच्यात दोनांत भागतं. फक्त माझी आई वडिलांना कायम 'ह्ये' म्हणते. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ना, मग ते शेतात असोत नाहीतर मुंबईत. तो खूप हसला.

आमचं गाव गुंजवणी नदीच्या अंगाला. धरण भरलं तेव्हा घर अलीकडं राहिलं आणि चराईचा डोंगर पलीकडं. वडील शेरडं घेऊन लांबचा वळसा मारून तिकडं जायचे. पाण्यावरून हाक मात्र स्वच्छ येते. आणि आमच्याकडं हाक ऐकू येईल तेवढं सगळं 'हितंच'. हे मला शेंबडा होतो तेव्हापासून ठाऊक आहे.

गेल्या वर्षी भर दुपारी आईचा फोन आला. "आरं, ह्यास्नी पान लागलं. हितंच बसल्यात. हाका मारत्यात." साप चावला असं आमच्यात म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. तेवढं मला बरोबर कळलं. मी घराचा पत्ता देऊन ॲम्ब्युलन्स धाडली. पाण्याच्या कुठल्या बाजूला, हे काही मी विचारलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. परक्या पोराला टेकडीवर नेऊन शंभरदा विचारलेलं, आईला एकदा विचारता आलं नाही.

गाडी दारात आली, तेव्हा आईनं पाण्यापलीकडं बोट केलं. पलीकडच्या काठाला वेगळा रस्ता जातो, सांगितलं असतं तर गाडी थेट तिकडूनच गेली असती. वळसा मारून पोचेपर्यंत वडील गेले होते.

तेरावा झाल्यावर आईनं विचारलं, "म्या नीट सांगितलं न्हवतं का रं?"

"नीटच सांगितलंस," मी म्हणालो. "त्यांची हाक ऐकू येत होती ना?"

"व्हय," आई म्हणाली. "गाडी दारात हुबी हुती, तवाबी येत हुती."