मुदतीच्या तापानंतरचे केस

अकरावीत असताना मला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, मी पुन्हा सेनगावच्या कॉलेजात जायला लागले, आणि दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागले. फणी फिरवली की मूठभर. भांगातून कातडी दिसायला लागली. मायनं ठरवलं, एकदा गोटा करू, म्हणजे दाट येतील. येत्या रविवारी यायला न्हाव्याला सांगून ठेवलं. गोटा झाला की केस वाढेपर्यंत मी घरी, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि आमच्या गावात घरी बसलेली पोरगी पुन्हा कॉलेजच्या जीपमध्ये बसत नसे.

मी जीवशास्त्राच्या मॅडमना विचारलं. त्यांनी माझाच एक गळलेला केस उजेडात धरला. टोकाला पांढरा ठिपका होता. हा ठिपका म्हणजे मूळ नव्हे, वर दिसतो तो केस मेलेलाच, त्या म्हणाल्या. जिवंत मूळ कातडीच्या आत असतं. मोठ्या तापानं बरीच मुळं एकदम विश्रांती घेतात, पुन्हा कामाला लागली की नवा केस येतो. वस्तरा तिथवर पोचतच नाही. त्यांनी हेही सांगितलं, माणसाच्या अंगावरचे केस विरळ झाले ते घाम वाळून अंग थंड राहावं म्हणून. डोक्यावरचे राहिले ते बहुधा ताठ चालणाऱ्याच्या टाळूवर ऊन सरळ पडतं म्हणून. हे मला लगेच पटलं. त्या आठवड्यात घरच्या मेंढरांमागे गेले तेव्हा टाळू भाजून निघाली होती.

घरी सगळं सांगितलं. माय म्हणाली, मॅडमचे केस कमरेएवढे, तिला काय जातं सांगायला. वडील अंगणात मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होते. मान वर न करता ते म्हणाले,

"कातरून लोकर दाट होत असती तं आपली मेंढरं लोकरीत दिसलीच नसती."

"मेंढरू अन् पोरगी एकच हाय व्हय?"

"मुळाला काय कळतंय कोणाचं डोस्कं हाय ते. जाऊ दे तिला कॉलेजात."

रविवारी न्हावी आला. वडील स्वतः पुढ्यात बसले, दाढी करून घेतली आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं. सोमवारी मी डोक्याला रुमाल बांधून जीपमध्ये बसले. पोरी हसल्या. हसू दे म्हटलं.

काही महिन्यांनी भांगाच्या दोन्ही बाजूंना आखूड, ताठ केस उभे राहिले. तेलानंही बसेनात. माय ते बोटांनी चाचपायची. पुढे मी बारावी झाले, नर्सिंग केलं, नोकरीला लागले. मॅडमनी कारण सांगितलं आणि वडलांनी ते मायला कळेल असं करून दिलं. नुसत्या एकानं भागलं नसतं. दोघांचेही उपकार मी मानते.