जुन्या रस्त्याची गाडी

धोंडिबा एसटीत ड्रायव्हर होता. मूळचा यवतमाळकडचा, पण विश्रांतवाडीत घर करून वीस वर्षं झालेली. पुणे–मुंबई हा त्याचा नेहमीचा मार्ग. थोरल्या करुणाला त्यानं कामशेतजवळच्या गावात दिली तेव्हा बायको, प्रेमला, म्हणाली होती, "अहो, तुमच्या वाटेवरच आहे की."

आणि खरंच तसंच झालं. गाडीची वेळ झाली, की करुणा लेकराला कडेवर घेऊन फाट्यावर उभी राही. कंडक्टर उत्तरेश्वर मुद्दाम सावकाश तिकिटं फाडी. प्रेमलानं दिलेल्या पाटवड्या खिडकीतून खाली जात. दोन वाक्यं होत, कधी एखादीच तक्रार. एकदा मागून कुणी पुणेकर बोललाच, "ड्रायव्हरसाहेब, सवडीनं बोला. आम्ही काय, उद्या पोचलो तरी चालेल."

सुट्टीत धोंडिबा तिच्या घरी जायचाही. पण तिथं तो व्याही. ओसरीवर सासऱ्याशेजारी बसायचं, चहा घ्यायचा. करुणा पदर सावरून आत-बाहेर करी. 'बरं आहे ना?' विचारलं, तर 'बरं आहे' एवढंच म्हणे. बापलेकीचं बोलणं व्हायचं ते फाट्यावर.

मग एक्स्प्रेस वे झाला. नोकरीत एकही अपघात नाही म्हणून धोंडिबाला नव्या रस्त्याची गाडी मिळाली. हिंजवडीत कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा, संजय, खूश झाला. "बाबा, घाटात रखडणं संपलं तुमचं." प्रेमलानं शेजारीपाजारी पेढे वाटले. धोंडिबानंही एक खाल्ला.

नवा रस्ता करुणाच्या शेताच्या पलीकडूनच जायचा. दोन्ही बाजूंना कुंपण, थांबायला मनाई. करुणानं दुकानातून फोन केला. "बाबा, बांधावरून गाड्या दिसतात. तुमची कुठली ते कळत नाही."

"मीही बघतो," तो म्हणाला. पण त्या वेगात बघणार काय? बांध येई आणि जाई. एकदा हिरवं लुगडं दिसल्यासारखं वाटलं, पण मान वळवायची सोय नव्हती. मागे चाळीस माणसं बसली होती.

शेवटी त्यानं जुना रस्ता मागून घेतला. डेपोतले साहेब म्हणाले, "लोक या गाडीसाठी वशिले लावतात आणि तुम्ही परत करताय?"

"तिकडं मन लागत नाही, साहेब," एवढंच तो बोलला.

बरेच महिने गेले आणि मगच बदली झाली. पहिल्या दिवशी त्यानं फाट्यावर गाडी उभी केली. उत्तरेश्वर दार उघडून खाली उतरला. रस्त्यावर कुणी नव्हतं. करुणा एव्हाना गुलाबांच्या पॉलीहाउसमध्ये कामाला लागली होती. "बाबा, या वेळेला सोडत नाहीत हो," ती फोनवर म्हणाली. आवाजात कमावत्या बाईचा ताठा होता. त्याला बरं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशीही फाटा आला तशी त्यानं गाडी सावकाश घेतली.

उन्हाळ्यात ती माहेरपणाला निघाली ती त्याच्याच गाडीनं. उत्तरेश्वरनं तिला अगदी पुढची जागा दिली. केवढं बोलायचं होतं त्याला. पॉलीहाउस कसं आहे, सासू कामाला जाऊ देते का, हाताला काटे लागतात का. वडगाव गेल्यावर त्यानं आरशात पाहिलं. लेकराला मांडीवर घेऊन, खिडकीला डोकं टेकून ती झोपली होती. हातांवर ओरखडे होते. लहानपणी झोपायची तसंच तोंड किंचित उघडं होतं.

धोंडिबानं गाडी खड्डे चुकवत, हळू चालवली. हॉर्न वाजवलाच नाही. खडकी आली तशी ती जागी झाली.

"बाबा, उठवलं का नाही? बोललो असतो ना."

"झोप की," तो समोर बघत म्हणाला. "अजून थोडं आहे."