फौजदारांनी उचललेली राखाडी गाडी

गल्लीतले लोक त्यांना फौजदार म्हणत, पण पोलिसांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते टोइंगची क्रेन चालवत. शहरात रस्ते खोदायला घेतले की ठेकेदार त्यांना बोलावून घेई. डांबर पडायच्या आधी रस्त्यावर राहिलेल्या गाड्या उचलायच्या आणि जवळच्या मोकळ्या गल्लीत नेऊन ठेवायच्या, एवढं काम. दंड नाही, पावती नाही. मालक येऊन बघतो तर गाडी गायब, मग आरडाओरडा, आणि गाडी सापडली की दुसरा आरडाओरडा, हा ओरखडा कुणी पाडला म्हणून.

असाच कुणाचा तरी जुना ओरखडा एकदा फौजदारांच्या माथी मारला गेला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. फौजदार तर साधं पाणीही फुंकून पिऊ लागले. हुक लावण्याआधी ते गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढत, काचेतून आत डोकावत, सीटवर काय पडलंय ते डोक्यात ठेवत. इथवर ठीक होतं. पण संशय काही कामाच्या कपड्यांबरोबर खुंटीला टांगता येत नाही, तो त्यांच्याबरोबर घरात येई आणि ताटावर बसे. मागच्या आठवड्यात घरातला एक डबा हरवला. बायको म्हणाली, बसमध्ये विसरला असेल. फौजदारांनी शेजारणीवर संशय घेतला आणि तिच्याकडे बघणंसुद्धा बंद केलं.

त्या सकाळी दवाखान्यासमोरच्या रस्त्यावर रोलर येऊन उभा होता, खडी पसरून झाली होती, आणि कडेला एकच गाडी उरली होती. लहानशी, राखाडी. फौजदारांनी सवयीने मोबाइल काढला आणि नंबर बघून हात तसाच राहिला. गाडी त्यांच्या मुलीची होती.

मुलगी याच दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर काम करत असे. पण तिचं सासर शहराच्या दुसऱ्या टोकाला. ती बसने यायची, गाडी जावई वापरायचा. मग इतक्या सकाळी गाडी इथे कशी? फौजदारांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी काचेला नाक लावलं. मागच्या सीटवर उशी. पांघरूण, नीट घडी घातलेलं. बायकांचा कंगवा. खिडकीच्या वरच्या कडीला हँगरवर इस्त्रीचा कुर्ता.

‘वाटलंच होतं मला,’ ते पुटपुटले. जावई त्यांना पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता. रंगेल मेला, दुसरी कुणी तरी ठेवलीय, तीही बायकोच्या पैशांनी घेतलेल्या गाडीत! फौजदारांनी उशीचा फोटो काढला, कंगव्याचा काढला. पुरावा हाती लागल्याचं त्यांना चक्क समाधान वाटलं. मग ते पुढच्या काचेकडे गेले. पुढच्या सीटवर एक डबा होता. झाकण सैल म्हणून त्याला लाल रबर लावलेलं. ते रबर त्यांनी स्वतः लावलं होतं.

घरातून हरवलेला डबा ना बसमध्ये राहिला होता, ना शेजारणीने नेला होता.

“उचला ना हो, साहेब!” मुकादम ओरडला. “डांबर थंड होतंय तिकडे.”

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून मुलगी बाहेर आली. केस ओले, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी. वडिलांना बघून ती थबकली. पळावं की पुढे यावं हे तिलाच कळेना. शेवटी पुढे आली.

“आईने सांगितलं?” तिने विचारलं.

“नाही,” फौजदार म्हणाले. “मला कोण काय सांगतं.”

मागच्या वर्षी ती बॅग घेऊन माहेरी आली होती. भांडण झालं की नवरा मला दाराबाहेर काढतो आणि आतून कडी लावून घेतो, म्हणाली होती. फौजदारांनी तिला बसवून विचारलं होतं: का काढतो? तू काय बोललीस आधी? कुणी पाहिलंय का? टाळी एका हाताने वाजत नाही, असंही ते म्हणाले होते. जावयावर त्यांचा विश्वास नव्हता, पण म्हणून मुलीवर तरी कुठे होता? तिने बॅग उघडलीच नाही, संध्याकाळी परत गेली.

“घरी चल,” ते आता म्हणाले.

“परवा आले होते, बाबा. दारापर्यंत. आत तुम्ही आईला विचारत होता, डबा कुठल्या बसमध्ये राहिला, कुठल्या सीटवर, शेजारी कोण बसलं होतं. ती बिचारी एकेक उत्तर रचत होती. मी जिन्यातच उभी राहून ऐकलं आणि खाली उतरले.” ती रागावली नव्हती, नुसती दमली होती. “माझ्यात आता उत्तरं द्यायची ताकद नाही.”

फौजदारांच्या तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. कधीपासून? पुन्हा दाराबाहेर काढलं का? खोली का नाही बघितलीस? आईने मला का नाही सांगितलं? या शेवटच्याचं उत्तर तर समोर उभंच होतं. ते मूग गिळून राहिले. आयुष्यात त्यांना कधी एवढं जड गेलं नव्हतं.

“गाडी कुठे ठेवणार?” मुलीने विचारलं, कुठल्याही मालकाने विचारावं तसं.

“मागच्या गल्लीत.”

“मग दिव्याखाली ठेवा. अंधारात कुणी काचेवर टकटक केलं की जीव जातो माझा.”

त्यांनी चाकांना पट्टे बांधले, दोनदा ओढून पाहिले आणि गाडी उचलली. मुलगी त्यांच्या शेजारी केबिनमध्ये बसली. मागच्या गल्लीत ओळीने खांब होते, आणि लख्ख उजाडलेलं असल्यामुळे सगळे दिवे विझलेले. फौजदारांनी क्रेन हळू केली.

“यातला रात्री कुठला लागतो?” त्यांनी विचारलं.

तिने बोट दाखवलं. त्यांनी गाडी बरोबर त्या खांबाखाली आणली आणि धक्का न लागू देता खाली ठेवली.