टिंबसर

सातवी-आठवीच्या पोरांनी त्यांचं नाव टिंबसर ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊकही होतं. एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, पण कुणाच्या वहीत लाल फुली म्हणून मारली नाही. पोराचं डोकं जिथं घसरलं, त्या पायरीपाशी शिसपेन्सिलीचं एक बारीक टिंब द्यायचे. बस्स. बाकी ज्याचं त्यानं शोधायचं. दर शनिवारी चाळीस वह्या पिशवीत कोंबून घरी न्यायचे आणि बायकोची बोलणी खात खात तपासायचे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना शाळेत टॅब आले. बाकीचे शिक्षक पाल अंगावर पडावी तसे दचकले. "आता या वयात कुठं बोटं घासत बसायचं?" म्हणत इतिहासाच्या बाईंनी अंग काढून घेतलं. टिंबसर मात्र हट्टाला पेटले. महिनाभर रोज जेवण झालं की टॅब घेऊन बसत.

"पोरांच्या आधी तुम्हीच पास होणार बहुतेक," बायको म्हणायची.

"झालो की! आज माकड नवव्या पायरीवर नेलं."

तो माकडाचा खेळ होता. गणिताखाली चार उत्तरं यायची, त्यातल्या बरोबर उत्तरावर बोट ठेवलं की माकड शिडीवर चढायचं. ओळीनं तीनदा चुकलं की खाली उतरून सोप्या गणितांना लागायचं. ज्या पोरांना गणिताच्या तासाला हमखास पोटदुखी व्हायची, ती आता घंटेआधी वर्गात हजर. सरांच्या टॅबवर प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी दिसे. गणितं बरोबर येतील तशी ती हिरवी होत जाई. सरांना वाटलं, जन्मभर आपण उगाच खडू झिजवला.

वह्या तपासणं कधी बंद पडलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. शनिवारची पिशवी खुंटीला लटकून राहिली.

वर्गात एक शिंपिणीची मुलगी होती. तिची आई जिन्याखालच्या खोपटात मशीन टाकून लोकांच्या कपड्यांची उसवण-आवळण करायची. पोरगी बोलायची कमी. अपूर्णांकांचा भागाकार आला की दुसरा अपूर्णांक उलटा करायचा सोडून पहिलाच उलटा करायची, न चुकता. सरांनी त्या जागी इतकी टिंबं दिली होती की तिच्या वहीला देवी आल्यासारखं दिसे. पण पठ्ठी दर वेळी टिंबाखाली पुन्हा गणित मांडून आणायची. चुकायची, पण मांडायची.

टॅब आल्यावर तिची पट्टी हिरवीगार झाली. शेकडा अठ्ठ्याण्णव. सर वर्गात टाळ्या वाजवून म्हणाले, "बघा रे, जिला तुम्ही मुकी म्हणता, तिचं माकड आभाळाला टेकलंय!" पोरगी मान खाली घालून हसली. सरांनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

शाळा आठवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर मोठ्या शहरातली वसतिगृहाची शाळा. राहणं-खाणं फुकट, पण प्रवेश परीक्षेवर. आईनं सरांना विचारलं, "सर, हिला झेपेल का? नाहीतर माझ्या शेजारी दुसऱ्या मशीनवर बसवते. उगाच आशेला लावू नका."

"ताई, माझ्यावर सोडा," सर म्हणाले आणि शिफारशीवर सही ठोकली.

निकालात तिचं नाव नव्हतं. गणितात शंभरापैकी अकरा. सरांना वाटलं, पेपर बदलला असणार. त्यांनी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं.

"काय झालं गं? घाबरलीस?"

"नाही सर. पेपरात खाली चार उत्तरं नव्हती."

"पण अठ्ठ्याण्णव मिळत होते की तुला!"

ती बाकाचा खिळा नखानं उकरत राहिली. मग म्हणाली, "तीनदा मुद्दाम चुकायचं, सर. मग माकड खाली येतं. खालची गणितं चौथीची असतात. ती सगळी केली की पट्टी हिरवी होते."

कोण कितव्या पायरीवरची गणितं सोडवतंय, ते पाहायला त्या पट्टीवर एकदा बोट ठेवावं लागे. टॅबबरोबर आलेल्या माणसानं ते दाखवलंही होतं. एवढ्या दिवसांत सरांनी ते बोट कधी ठेवलं नव्हतं.

"अगं, मग सांगायचंस ना मला."

"तुम्ही टाळ्या वाजवल्यात, सर," ती म्हणाली. "आईलाही सांगितलंत. मग कसं सांगू?"

सरांनी त्या शाळेला दोन पत्रं लिहिली, चूक माझी आहे म्हणून. उत्तर एकाचं आलं. छापील.

सुट्टी संपल्यावर ते जिन्याखालच्या खोपटात गेले. पोरगी दुसऱ्या मशीनवर बसून पँटची पट्टी उलगडत होती. आईनं कपड्यांचा ढीग सारून स्टूल दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "बसा सर. चहा घेणार?"

"हिला मी घरी शिकवतो, ताई. रोज. पुढच्या वर्षी पुन्हा बसू दे परीक्षेला."

"वय बसत नाही, सर. विचारून आले मी."

मशीनच्या खणात दोऱ्यांच्या रिळांखाली सरांना ओळखीची वही दिसली. मापं लिहायला काढली असावी. त्यांनी ती उघडली. ओळखीची टिंबं पानोपानी. मग टॅब आले ती तारीख. त्यापुढं वही कोरी असायला हवी होती. पण नव्हती. आणखी सहा पानं अपूर्णांकांचे भागाकार होते, कुणी न सांगता केलेले. प्रत्येक गणिताखाली दोन बोटं जागा सोडलेली. सगळ्यांत तीच चूक. एकातही टिंब नव्हतं.

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. पहिल्या गणिताला टिंब दिलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सहा पानं पुरी केली. आईनं ठेवलेला चहा निवून गेला.

मुलीनं दातानं दोरा तोडला आणि वहीत डोकावून पाहिलं.

"इथंच होय?"

"इथंच, बाळ."

"बरं," ती म्हणाली. वही बंद करून तिनं खणात ठेवली आणि पँट पुन्हा सुईखाली सरकवली.