राजीनाम्याची मागची बाजू

जिल्हा परिषदेच्या फाटकाशी अर्ज लिहिण्याचे माझे टेबल आहे. काल तेथे राजीनामा लिहून घ्यावयास आलेल्या परिचारिकेच्या बोटांवर काळी शाई होती. पोलिओचा डोस पाजल्यावर बाळांच्या करंगळीवर खूण करताना लागलेली ती शाई धुऊनही निघाली नव्हती. दरवर्षी अकरा महिन्यांचे कंत्राट संपले की तिचा पुनर्नियुक्तीचा अर्ज मीच लिहीत असे. म्हणून सवयीने विषयही तोच लिहून बसलो.

"ते खोडा, काका. यंदा कंत्राट संपायच्या आतच राजीनामा देतेय. दरवर्षी नव्यानं नोकरीला लागायचं किती? फक्त एक लिहा. धरणाकडच्या वस्तीत तीन घरं डोस म्हटलं की दार उघडत नाहीत. मागच्या दारानं घरातल्या म्हातारीला हाक मारावी लागते."

"सिस्टर, राजीनाम्यात असा मजकूर बसत नाही."

"मग नव्या बाईला सांगणार कोण?"

अर्जांचे सर्व नमुने मला मुखोद्गत आहेत. या प्रश्नास मात्र एकही लागू पडेना. शासन प्रशिक्षण देते, प्रमाणपत्रही देते. परंतु कोणत्या दारी कोणास हाक मारावी, हे माणूस पायी हिंडून शिकतो आणि ते त्या माणसाबरोबरच निघून जाते.

अखेर तो मजकूर मी सुवाच्य अक्षरात कागदाच्या मागे लिहिला आणि तिच्यासोबत स्वतः आवक खिडकीपर्यंत गेलो. कारकुनाने पुढच्या बाजूस शिक्का मारला व कागद न उलटता गठ्ठ्यात टाकला.

ती बोटांवरची शाई चोळत एसटीच्या थांब्याकडे निघाली.