बोरीवलीतली इटालियन संध्याकाळ

जन्म इटलीत घ्यायचा तो चुकून बोरीवलीत घेतला, असे जगातले एकमेव गृहस्थ म्हणजे माझे थोरले मामा. इटली त्यांनी पाहिलेली नाही. विमानातही ते कधी बसलेले नाहीत. आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढता काढता इटलीतल्या घुमटांचं एक कॅलेंडर त्यांच्या हाती लागलं आणि माणूस कामातून गेला. तेव्हापासून त्यांच्या घरी नाश्ता आटोपला की कॉफीत दूध बंद, कारण इटलीत तशी पद्धत नाही. पाहुण्यांनाही सूट नाही, त्यामुळे मामांकडे दुपारी एकदा गेलेला माणूस पुन्हा दुपारी जात नाही. एकदा पातेल्यात मावेना म्हणून मामीने स्पॅगेटी मोडून टाकली. मामा स्वयंपाकघरातून असे बाहेर आले की मला वाटलं, कुणीतरी गेलं. "मोडली रे तिने!" एवढंच ते म्हणाले. "अहो, शेवया मोडल्यात, कुणाचं लग्न नाही!" मामी आतून ओरडली.

पण त्यांचं सगळ्यात मोठं खूळ संध्याकाळचं. इटलीतल्या गावांत म्हणे संध्याकाळी लोक ठेवणीतले कपडे घालून नुसते हिंडायला बाहेर पडतात. काम नाही, भाजीची पिशवी नाही, नुसतं रमतगमत चालायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. पासेज्जाता म्हणतात त्याला. मामांनी ती आमच्या सोसायटीत आणली. अंगात इस्त्रीचा कोट, पायात चकचकीत बूट, बाजूला इरकलीतली मामी, आणि गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत येरझारा. "साहब, शादी में?" असं वॉचमन सुरुवातीला रोज विचारायचा. आम्हीही पोट धरून हसायचो. हे फिरणं सुरू झालं त्याच्या थोडंच आधी मामी बाथरूममध्ये पडली होती आणि तिच्या हातात काठी आली होती. काठी टेकत चारचौघांत जायची तिला इतकी लाज वाटे, की ती जिनासुद्धा उतरेनाशी झाली होती. तेव्हा मामांनी तिला इटलीतला नियम सांगितला, "अगं, तिकडे हळू चालणाऱ्याला मान असतो. भरभर चालतो तो अडाणी." मामी कुरकुरत उतरली आणि मग रोजच उतरू लागली.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय ओढत चालावं लागतं. कोट कपाटात गेला आणि मामा खिडकीशी बसले. "लोक बघतील," असं ते म्हणू लागले, तेही इतकी वर्षं कोट घालून टाकीपर्यंत येरझारा घातलेला माणूस! मला ते ऐकवत नसे.

एका संध्याकाळी मी तिथेच होतो. मामी इरकल नेसून, हातावर कोट घेऊन बाहेर आली.

"उठा."

"नको गं. अख्खी सोसायटी बघेल."

"बघू दे ना! तुमच्या इटलीत हळू चालणाऱ्याला मान असतो ना? मग आता माझ्यापेक्षा तुमचा मान जास्त."

तिने त्यांना कोट चढवला, बटणं लावली. आम्ही खाली उतरलो. वॉचमन काही न विचारता उठून उभा राहिला. टाकीच्या कट्ट्यावर दोघं टेकली, तेव्हा मी हळूच विचारलं, "मामा, ते मानाचं तुम्ही वाचलं कुठे?"

"वाचलं कुठे रे?" मामा धापा टाकत हसले. "हिच्यासाठी बनवलं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मामी म्हणाली आणि काठी सावरत उठली. "चला, अजून एक फेरी."

दोघं गेटकडे वळली. मला घरी लवकर जायचं होतं, पण त्यांना ओलांडून पुढे जाववेना. मी मागून त्यांच्याच चालीने चालत राहिलो.