मोठ्यानं वाचायची वीस मिनिटं

मी श्रीरामपूरच्या बसस्टँडवर घोषणा करते. नोकरीत बाकीचीही कामं आहेत. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरच्या सह्या घ्यायच्या, उशिरा आलेल्याला उशीर का झाला ते विचारायचं. पण लोक मला ओळखतात ते भोंग्यातल्या आवाजानं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नेवाशाकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागली आहे." प्रत्येक वाक्य दोनदा. आणि दोनदा सांगून झालं की दहा माणसं माझ्या खिडकीशी येऊन विचारतात, "बाई, नेवाशाची लागली का वं?"

बारा वर्षं झाली, मला अजून याचा राग येतो. एकदा एका म्हातारीला मी म्हटलं, "आजी, आत्ताच दोनदा सांगितलं ना?" ती म्हणाली, "ऐकलं की. पर त्या भोंग्याला काय इचारता येतंय व्हय? तुमी सांगा, म्हंजी जिवाला बरं वाटतं." मी सांगितलं. तिच्या मागच्यानं तेच विचारलं, त्यालाही सांगितलं. जिल्ह्याच्या गावाचं नाव बदलल्यापासून त्यात आणखी एक भर पडली आहे. भोंग्यात अहिल्यानगर म्हणायचं आणि खिडकीत 'नगरची गाडी कवा हाय' याला उत्तर द्यायचं.

संध्याकाळी सहाला घरी येते तेव्हा तोंडात शब्द उरलेला नसतो. म्हणून घरात मी नियमच करून टाकला होता: मी आल्यावर अर्धा तास माझ्याशी कुणी बोलायचं नाही. कुणी म्हणजे तरी कोण, आम्ही तिघंच. नवरा साखर कारखान्यात वजनकाट्यावर, त्याच्या पाळ्या बदलत्या. उरली मुलगी, आठ वर्षांची. ती शेजारच्या काकूंकडून यायची, दारात चपला काढायची आणि माझ्याकडे बघत गप्प बसून राहायची. किती समजूतदार आहे बाई, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

जूनमध्ये ती तिसरीत गेली आणि पंधरा दिवसांत तिच्या वर्गाच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं.

"हिला अक्षरं येतात," बाई म्हणाल्या, "पण ती जुळवून वाचायची म्हटलं की अडते. आणि अडली की तोंडच उघडत नाही." मग त्यांनी उपाय सांगितला. घरी रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचायचं. आईनं नाहीतर वडिलांनी वाचायचं, मुलीला शेजारी घेऊन. रोज म्हणजे रोज. दिवाळीपर्यंत बघू, नाहीच जमलं तर दुपारच्या तासांना तिला पहिलीच्या मुलांत बसवावं लागेल. मुलगी तिथंच उभी होती. परत येताना रस्त्यात तिनं एवढंच विचारलं, "काकूंचा बारका पहिलीतच आहे ना गं?" मी हो म्हटलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझा तर बोलायचाच धंदा. तुला काय जड आहे?" हंगामात सगळं जग झोपेत असतानाही उसाच्या बैलगाड्या मोजणाऱ्या माणसाशी काय भांडणार? आणि त्याला खरंच तसं वाटत होतं.

शाळेतून एक पातळसं पुस्तक आणलं होतं. एका शेळीच्या गळ्यातली घंटा ओढ्यात पडते आणि ती शोधायला तिला लाकडी पूल ओलांडावा लागतो, अशी त्यात गोष्ट. पहिल्या दिवशी चहा घेऊन, घड्याळ समोर ठेवून मी सुरुवात केली. "शेळी पुलाजवळ आली. शेळी पुलाजवळ आली." मुलगी म्हणाली, "आई, दोनदा का वाचतेस?" मला कळलंही नव्हतं. बरं, एकदा वाचायला लागले तर सूर तोच, स्टँडवरचा, एका पट्टीतला. शेळी घाबरली काय आणि घंटा सापडली काय, ऐकणाऱ्याला वाटावं गाडी पंधरा मिनिटं उशिरानं धावते आहे.

तिला मात्र त्याचं काही नव्हतं. तिला प्रश्न पडायचे. घंटा कशी काय पडली? पूल कुणी बांधला? शेळीची आई कुठं गेली? मी म्हणायचे, "मधे बोलू नकोस, वीस मिनिटं व्हायचीत." मग ती म्हणायची, "मगाचचं पुन्हा वाच ना, ती पाण्यात बघते ते." दोनदा, तीनदा. एके दिवशी स्टँडवर गाड्या रद्द झाल्या होत्या, दिवसभर खिडकीत लोकांची बोलणी खाल्ली होती, आणि हिनं पुन्हा वाच म्हटल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्ताच सांगितलं ना? कान कुठं असतात तुझे?" ती जरा मागं सरकली. मी पुढचं पान वाचलं. आपलं काही चुकलं असं तेव्हा मला वाटलं नाही, दमलेल्या माणसाला तसं काही वाटत नाही.

त्याच सुमाराला स्टँडवर नेहमीच्या गाड्यांच्या घोषणा माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवल्या. आता मिरजगावकडची गाडी लागली की नुसतं बटण दाबायचं. माझा घसा निम्म्यानं वाचला. मला वाटलं, हे घरी का करू नये?

पुढच्या रविवारी स्वयंपाक करता करता, मोबाईल ओट्यावर उभा करून, मी शेळीची आणि शाळेतूनच आणलेल्या आणखी सात, अशा आठ गोष्टी वाचून काढल्या. अडीच तासांत आठवडा उरकला, पुढच्या आठवड्यात त्याच पुन्हा लावायच्या. सोमवारपासून मी घरी यायचे, मोबाईल मुलीच्या हातात द्यायचे आणि आतल्या खोलीत पाठ टेकायचे. बाहेर माझाच आवाज चालू असायचा. मी निवांत पडून माझाच आवाज ऐकायचे आणि वीस मिनिटं झाली की उठून भाकरीला लागायचे. पहिल्या आठवड्यात ती एकदा आत आली होती, शेळीची घंटा पितळेची का लोखंडाची ते विचारायला. मी म्हटलं, "पुन्हा ऐक, असेल त्यातच." त्यानंतर ती आली नाही. मला हायसं वाटलं. स्टँडवर मी ही युक्ती सांगितली, तर दोघी कंडक्टर बायकांनी त्या गोष्टी आपल्या पोरांसाठी मागून घेतल्या. मी मोठ्या दिमाखात पाठवल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंचा पुन्हा निरोप आला. मी अर्धी रजा टाकून गेले. मनात होतं, आता कौतुक ऐकायला मिळणार.

सुरुवात तशीच झाली. वर्गात प्रत्येकानं आवडती गोष्ट वाचून दाखवायची होती. मुलगी स्वतःहून उठली. कधी नव्हे ती उठली म्हणून बाईही हरखल्या. तिनं पुस्तक उघडलं आणि घडाघडा सुरू केलं, कुठं अडणं नाही की चाचरणं नाही. काही काही वाक्यं ती दोनदा म्हणत होती, पोरं हसत होती, पण ती थांबली नाही. मग बाईंच्या लक्षात आलं की ही पानच उलटत नाही. शेळी पूल ओलांडून पलीकडे गेली तरी पुस्तक पहिल्याच पानावर.

"आणि मधेच," बाई म्हणाल्या, "तुमच्याच आवाजात म्हणाली, 'अगं बाई, दूध उतू गेलं.' मग लगेच पुढची ओळ. मला पहिल्यांदा हसू आलं." त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. "शेवटी काय म्हणाली माहितेय? शेळीला घंटा सापडली, शेळी घरी गेली. चला, सुटले एकदाची."

मला वाटलं, बाई माझ्याकडे बघत असतील, पण त्या टेबलावरच्या वह्या सरळ करत होत्या. त्यांनी मुलीला विचारलं होतं, सुटले एकदाची हे कुठं लिहिलंय? तिनं सांगितलं, "सगळ्या गोष्टींच्या शेवटी असतं." मग त्यांनी तिला दुसरं पान वाचायला दिलं. तिसऱ्या शब्दाला ती अडली आणि खाली बसली. जूनमध्ये होती तिथंच होती. "तिच्यासमोर पुस्तक धरून, शब्दावर बोट ठेवून कुणी वाचलं नाही का हो?" बाईंनी विचारलं. सुट्टीनंतर दुपारी तिला पहिलीत बसवायचं ठरलं.

शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून मी मोबाईल कानाला लावला. आठही गोष्टींचे शेवट ऐकले. आठही वेळा मी तेच म्हटलं होतं. एका ठिकाणी तर आधी लांब सुस्कारा होता. मी ते म्हणाल्याचं मला आठवतही नव्हतं. तिनं मात्र तीन-साडेतीन महिने रोज संध्याकाळी ऐकलं होतं. तिच्यासाठी गोष्ट वाचणं संपलं की आई सुटते, हे तिला पाठ झालं होतं. मला तिथं रस्त्यावर रडू आलं.

त्या संध्याकाळी अर्ध्या तासाचा नियम मीच मोडला. ती चपला काढत होती तेवढ्यात म्हटलं, "ये इकडं. त्या मोबाईलमधल्या गोष्टी मी आता पुसून टाकते. आजपासून मी वाचणार, तू शेजारी बसायचं." मला वाटलं, पोर खूश होईल. तिनं माझ्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि पोटाशी धरला.

"पुसू नकोस."

"का गं? मी वाचते की खरीखुरी."

"त्यातली तू पुन्हा लावलं की पुन्हा सांगतेस," ती म्हणाली. "कितीपण वेळा. चिडत नाहीस."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला रागच आला. दिवसभर गावाची बोलणी मी खायची आणि घरी येऊन हेही ऐकायचं? मग तिच्याकडे बघितलं. ती काही तक्रार करत नव्हती. नेवाशाची गाडी चारवर लागते, तसं तिनं ते सांगितलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"मीही सांगेन," मी म्हणाले. "तू पुन्हा म्हण, मी पुन्हा वाचते."

तिनं दप्तरातून पुस्तक आणलं आणि माझ्यापासून वीतभर अंतर ठेवून बसली. माझा घसा बसलेला होता, आवाज चिरका येत होता. मी शब्दाखाली बोट धरून पहिलं पान वाचलं. ती म्हणाली, "पुन्हा." मी वाचलं. "पुन्हा." वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की ती बोटाकडे बघतच नाहीये. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. चौथ्यांदा वाचायला ती 'पुन्हा' म्हणाली तेव्हा माझ्या घशाशी ते आलंच, आत्ताच वाचलं ना. तिला ते दिसलं असणार, कारण ती जरा मागं सरकली. मी बोट पहिल्या ओळीवर आणलं आणि पुन्हा वाचलं.

"अजून एकदा?" या वेळी मीच विचारलं.

तिनं मान डोलावली. मी पाचव्यांदा वाचायला घेतलं. मोबाईल तिनं अजून सोडला नव्हता.